कांडवेलीचा लेप

मी शिकलो तो काकीमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. एम.एस्सी. झाल्यावर गावकीने माझा सत्कार केला, तेव्हा ती आली नाही. तिचा दुसरा हात मोडला होता.

शाळेसाठी मी चिखलोलीला काकाकडे राहत होतो. बारावीनंतर त्याने अंबरनाथच्या एका कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकला. मी उल्हासनगरला बी.एस्सी.ला प्रवेश घेतल्याचं सांगितलं. त्याने दाराचा अडसर काढून माझ्या डोक्यावर उगारला. काकी मध्ये आली. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. हात कोपराखाली वाकडा लोंबत होता, तरी त्याने तिच्या पाठीवर आणखी घाव घातले. दम लागला तेव्हाच थांबला.

दवाखान्यात नेलं तर कसं मोडलं ते विचारतात. म्हणून काकाने कुंपणावरची हाडं जोडणारी कांडवेल कापली, खाज येऊ नये म्हणून स्वतःच्या हातांना तेल चोळलं आणि वेल वाटली. लेप लावून वर बांबूच्या कामट्या आवळल्या. काकीने ओठ इतका चावला की हनुवटीवर रक्त आलं.

सकाळी शेजारीण आली नि म्हणाली, "नशीबवान हाईस गो, नवरा सोताच्या हातानी लेप लावतं."

"त्यालाच म्हाईत ना, कुठं मोडलंय," काकी म्हणाली.

शेजारीण हसली. काकाही हसला. हाड जुळलं, पण वाकडं. मी कॉलेजला गेलो.

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मी मुद्दाम कांडवेल घेतली. तिच्यातली द्रव्यं वेगळी केली, खाज आणणारे सुईसारखे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. हाड घडवणाऱ्या पेशींना वेलीतल्या स्टेरॉलमुळे चालना मिळते असं वाचलं, तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मला अडसर दिसत होता.

सत्कार संपल्यावर मी काकीला लिहिलं. तिचा फोन काका उचलतो, म्हणून पत्र अंगणवाडीच्या बाईंच्या हाती दिलं.

"काकी, वेल खोटी नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तिने हाड लवकर भरताना दिसलंय. माणसांवरचे प्रयोग अजून थोडे आहेत. पण सरकलेलं हाड कुठलाही लेप जागेवर आणत नाही, ते डॉक्टरनेच बसवावं लागतं. तुझी बोटं सुजून निळी पडलीत, असं बाई म्हणाल्या. कामट्या आत्ताच सैल कर. काका उद्या सकाळी साइटवर गेला की मी रिक्षा घेऊन येतो. सरकारी दवाखान्यात कसं मोडलं ते विचारतील. लोकांना सांगतेस तसं तिथे 'पडले' म्हणू नकोस. मी शेजारी उभा असेन. तिथून बदलापूरला माझ्या खोलीवर जाऊ. कपडे भरून ठेवू नकोस, त्याला संशय येईल."