सुधाकरचा मुक्त फॉन्ट

सुधाकरच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी जामबागच्या शाळेतून नुकताच घरी पोचलो होतो. ‘‘तुमचे मित्र गेले हो,’’ एवढंच त्या म्हणाल्या... त्याला महिना होऊन गेला.

सुधाकरचं कोठी भागात टायपिंगचं छोटं दुकान होतं. बाहेरच्या कंपन्या शहरात येऊ लागल्या, त्या दिवसांत त्याने मराठीचं एक सॉफ्टवेअर घेतलं. संगणकामागे कंपनीने दिलेली कुलूप-डबी, म्हणजे डोंगल, लावली, तरच ते चालायचं. आमच्या मराठी मंडळाचे सगळे अंक त्याने त्यातच केले. पुढे ती कंपनी बंद पडली, डबीही बिघडली आणि इतक्या वर्षांचा मजकूर पडद्यावर नुसत्या खुणा होऊन उरला. तेव्हा तो हट्टाला पेटला. कुणालाही फुकट वापरता येईल, बदलता येईल असा मराठी फॉन्ट करायचा. मलकपेठच्या घरी बसून त्याने एकेक अक्षर काढलं आणि तो फॉन्ट मुक्त सॉफ्टवेअर गोळा करून वाटणाऱ्या मंडळींकडे पाठवला. त्यांनी तो नाकारला. फॉन्ट मुक्त आहे, पण तो ज्या महागड्या सॉफ्टवेअरमध्ये घडवलाय त्याशिवाय कुणालाच तो पुन्हा घडवता येणार नाही. आमच्या नियमात हे बसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी चिडलो. तो शांतपणे म्हणाला, ‘‘हौ रे, बरोबर आहे त्यांचं. उद्या हीपण कंपनी बुडाली तर? मी तरी दुसरं काय भोगलं?’’

मग मुक्त साधनं घेऊन त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. तोवर हाताला कंप सुटला होता. जोडाक्षरं जुळेनात. एव्हाना नव्या संगणकांत मराठी आपसूक येऊ लागली, मंडळाचा अंक बंद पडला, आमची पोरं तर मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहू लागली. ‘‘आता कुणासाठी करतोस?’’ मी एकदा विचारलं. ‘‘ते नको विचारूस,’’ तो म्हणाला...

परवा वहिनींनी त्याचा संगणक लावून दाखवायला सांगितलं. फाइल लगेच उघडली. कुलूप नाही, परवाना नाही. कुणीही पुढे काम करावं अशी. करणारं कोणी नाही. अक्षरं तपासायला त्याने खाली बायकोचं नाव लिहिलं होतं, विद्या. ‘द’चा पाय मोडलेला, ‘या’ लांब पडलेला.

‘‘माझं नाव असं तुटकं का दिसतंय?’’ वहिनींनी विचारलं.

‘‘तेवढं जोडायचं राहिलं,’’ मी म्हणालो. त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. बंद करा म्हणाल्या नाहीत.