दोन डाव्या बाह्या

आमचा शिवणवर्ग फोनवर भरायचा. सोमवार ते शुक्रवार, दुपारी तीन ते चार. शिकवणाऱ्या बाईंचं लकडगंजला स्वतःचं टेलरिंगचं दुकान. शिकणाऱ्या आम्ही अडतीस जणी, कोणी जरीपटक्याची, कोणी थेट उमरेडची. मी सक्करदऱ्याला घरूनच शिकायची. याद्या करायची माझी जुनी सवय, त्यामुळे दुसऱ्याच आठवड्यात हजेरी आणि गृहपाठ माझ्याकडे आले. शिवलेल्याचा नीट फोटो ग्रुपवर टाकायचा, हा नियम मीच केला.

पहिले पंधरा दिवस फोटो धडाधड आले. मग कमी होत गेले. शेवटी आम्ही चौघीच उरलो, सुबक ब्लाउज टाकून एकमेकींना फुलं पाठवणाऱ्या. मी वहीत एक पान आखलं: 'ग्रुपमधून काढायची नावं'. पहिलं नाव उमरेडच्या एकीचं. तिच्या माहेरी पूर्वी हातमाग होता, आता ती शाळेत खिचडी शिजवायची. वर्गाला रोज हजर, फोटो मात्र एकही नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "टाकते ताई."

त्याच सुमारास माझ्या मुलीचं साक्षगंध, आमच्याकडचा साखरपुडा, ठरलं. रविवारचा कार्यक्रम. साडी हातमागाची, तिचा ब्लाउज मी शिवणार, असं मी सगळ्या नातेवाइकांना सांगून बसले होते. कापड जेमतेम होतं, दुहेरी घडी बसेना, म्हणून गुरुवारी दुपारी बाह्या एकेक करून कापल्या. दुसऱ्या बाहीच्या वेळी कागदी फर्मा उलटवायचा राहिला. दोन्ही बाह्या डाव्या झाल्या. फर्मा उलटवावा, ही सूचना वर्गासाठी केलेल्या माझ्याच यादीत सातव्या क्रमांकावर होती.

मुलीने बाह्या हातात घेऊन पाहिल्या. "आई, मी दोन्ही हात एकाच बाजूने घालू का?"

बाई गावाला लग्नात, फोन उचलेनात. तसं कापड पुन्हा मिळणारं नव्हतं. मी दोन्ही बाह्या पलंगावर पसरल्या, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'रविवारी साक्षगंध आहे. काय करू?'

दोन महिने आम्हा चौघींपुरता उरलेला ग्रुप खडबडून जागा झाला. जरीपटक्याची म्हणाली, "माझ्याकडे दोन उजव्या पडून आहेत ताई, एक पाठवून देऊ का?" एकीने गळा पाठीवर कापल्याचा फोटो टाकला. कोणाचा ब्लाउज डोक्यातून जात नव्हता. अशा बायका बोलू लागल्या, ज्यांचे आवाज मी ऐकलेच नव्हते.

तेवढ्यात उमरेडचा व्हिडिओ कॉल आला.

"ताई, काहून घाबरून राहिल्या? एक बाही उजेडात धरा. आता पलटवा. काही फरक दिसते का?"

"नाही."

"मंग? हातमागाचा साधा कपडा हाय, त्याले उलटसुलट नसते. काठातही पट्ट्याच हायेत, बुट्टी नाही. एक बाही पलटवून लावा, झाली उजवी."

"पण मी खडूने सुलट लिहिलंय त्यावर."

"ते तुम्ही लिहिलं ना, कपड्यानं थोडीच लिहिलं."

बाही पलटवून मुंढ्याला लावून पाहिली. बरोबर बसली. मी विचारलं, "एवढं कळतं तुला, मग फोटो काहून नाही टाकत?"

ती म्हणाली, "तुमचे फोटो पाहून हिंमतच नाही होत. माही बाही पाच वेळा उसवून झाली. तुमच्या त्या फुलायमधी ते चिंधी कुठं टाकू?"

फोन ठेवल्यावर वहीतलं ते पान फाडलं आणि टाचण्या ठेवायला त्याची पुडी केली.

ब्लाउज शनिवारी तयार झाला. साक्षगंधात व्याह्यांकडच्या एका बाईने टेलरचा पत्ता विचारला. मुलीने माझ्याकडे न बघता सांगितलं, "अर्धा सक्करदऱ्याला, अर्धा उमरेडला."

बाई परत आल्या, ग्रुपवरचे सगळे निरोप वाचून म्हणाल्या, "मी नव्हती तेव्हाच वर्ग बरा भरला." सोमवारपासून नियम बदलला. आधी बिघडलेलं दाखवायचं, मग जमलेलं. उमरेडचा पहिला फोटो त्याच दिवशी आला, सुरकुतलेली बाही आणि खाली ओळ, 'हे घ्या, हसा आता.' सगळ्या हसल्या, आणि चौघींनी टीप कुठे ओढली जातेय ते सांगितलं. सहाव्यांदा ती बाही बसली.

माझ्या वहीत आता एक जास्तीचा रकाना आहे: 'काय बिघडलं'. सगळ्यात जास्त नोंदी माझ्याच नावापुढे आहेत.