पुरात न गेलेली पत्रं

परदेशातल्या एका संशोधन ग्रंथालयाच्या यादीत माझ्या हातचं एक खोटं वाक्य आहे. ‘भावाची पत्रे महाडच्या पुरात नष्ट.’ नातीने मोबाइलवर ते काढून दाखवलं, तेव्हापासून मला दुपारची झोप नाही. उठतो, खिडकीशी जातो, परत येऊन बसतो. पत्रं पुरात गेली नाहीत. ती मी बुडवली.

एकोणीसशे सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी महाडच्या एका वाचनालयात कारकून होतो. पोलादपूरच्या बाजूला कुष्ठरोग्यांचा एक दवाखाना होता. तिथे मलमपट्टी करणारी एक उंच, गोरी बाई पंधरवड्यातून एकदा एसटीने महाडला यायची आणि आमच्याकडे वर्तमानपत्रं वाचत बसायची. ती मूळची लाटवियाची. लढाईत रशियाने तो देश घेतला, ती पळाली, छावण्यांतून फिरत फिरत इथे पोचली. मराठी ती रोग्यांकडून शिकली होती. त्यामुळे मी पुस्तकी बोलायचो आणि ती अस्सल पोलादपुरी.

एकदा तिने आमचा नकाशांचा जाडा ग्रंथ मागितला. बराच वेळ पानं उलटून म्हणाली, “माझा देश ह्यात नाय रे.”

“नकाशा जुना असेल.”

“नकाशा नवा हाय. देशच जुना झाला.” आणि स्वतःच हसली.

पुढे तिला परदेशातल्या त्या ग्रंथालयाचं पत्र आलं. देश सोडून गेलेल्यांचे घरगुती कागद ते जमवत होते. पत्रं, डायऱ्या, छावणीचे पास, काहीही. बाईकडे एक पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात सुतळीने बांधलेला भावाच्या पत्रांचा गठ्ठा. भाऊ मागे राहिला होता, सैबेरियात धाडला गेला होता, आता हयात नव्हता.

“तो कसा जगला ते ह्या कागदातच हाय. दुसरीकडं कुठं नाय,” ती म्हणाली. तिला ऑपरेशनसाठी मिरजेला जायचं होतं. “तू वाचनालयाचा माणूस. नीट यादी कर. मी आले की पार्सल धाडू.”

दवाखान्यातली पेटी वाचनालयात ठेवायला ग्रंथपाल तयार होईनात. मी ती घरी नेली. बायकोने आधी मुलीला उचलून पडवीत नेलं.

“अहो, घरात लहान पोर आहे!”

“कागदातून रोग पसरत नाही.”

“मग घ्या की उशाला.”

पसरत नाही हे मला ठाऊक होतं. तसं पोस्टर वाचनालयाच्या भिंतीवर मीच खळ लावून चिकटवलं होतं. तरी यादी करताना मी पानं पेन्सिलीच्या टोकाने उलटत होतो. आठवड्याभरात मुलीच्या गालावर फिकट चट्टा उठला. जंतांचा, असं डॉक्टर नंतर म्हणाले. पण तो दिसला त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “सवच्या गरम कुंडाच्या पाण्यात कातडीचं सगळं जातं. माणसाचं जातं, मग कागदाचं नाय जाणार?”

मी हसायला हवं होतं. रविवारी सायकल काढून मी सवला गेलो. बाईने सगळ्यात जास्त हाताळलेला तो भावाचा गठ्ठा, म्हणून तोच आधी गरम पाण्याच्या कुंडात धरला. पाण्याला गंधकाचा वास होता. शेजारी एक म्हातारा गुडघे शेकत बसला होता.

“काय धुतोस रे?”

“जुने कागद.”

“धू, धू. चांगले निघतील.”

चांगलेच निघाले. शाई निळ्या धुरासारखी वर आली आणि पसरली. मी गठ्ठा ओढून काढला तेव्हा पानं कोरी होती.

माझे वडील तरुणपणी चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्यांतले. त्यानंतर गावाने ते तळं गोमूत्राने शुद्ध करून घेतलं, हे मी त्यांच्या तोंडून कितीदा ऐकलं होतं. त्यांना मी हे कधी सांगितलं नाही.

त्या पावसाळ्यात सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. आमच्या पायरीलाही लागलं नाही. पण महाडात काहीही हरवलं की ‘पुरात गेलं’ म्हणावं, पुढे कोणी विचारत नाही. बाई काठी टेकत आली तेव्हा मी तेच म्हणालो.

ती बाकावर बसली, काठी शेजारी ठेवली. मग म्हणाली, “घरात पाणी आलं? पोरगी बरी हाय ना तुझी?”

“बरी आहे.”

“मग झालं. पाण्याला काय बोलायचं?” तिने यादी माझ्यापुढे सरकवली. “लिही, पुरात गेली. खरं हाय ते लिहायचं.”

मी लिहिलं. उरलेली पेटी पोस्टाने गेली. बाई त्यानंतर चार-पाच वर्षं येत राहिली, त्याच बाकावर बसत राहिली. प्रत्येक वेळी आज सांगू म्हणायचो आणि चहा मागवायचो. मग ती यायची थांबली. दवाखान्यामागे तिला पुरलं, त्या दिवशीही मी लोकांत मागेच उभा होतो.

कोरी पानं मात्र मी फेकली नव्हती. वाळवून कपाटाच्या तळाशी, वर्तमानपत्राखाली ठेवली होती. यंदा नातीकडून इंग्रजी नीट करून घेऊन मी त्या ग्रंथालयाला खरं काय ते कळवलं. उत्तर आलं, पानं पाठवा; शाई गेली तरी पेनचा दाब राहतो, कडेने उजेड टाकून कधीकधी वाचता येतं.

आज सकाळी मी एक पान खिडकीशी तिरपं धरलं. भाऊ दाबून लिहिणारा असावा. ओळी आहेत. मला त्यातलं अक्षरही कळत नाही, पण ओळी आहेत. सगळी पानं मी बोटांनी एकेक सुटी केली. वर नवी यादी ठेवली: पत्रे पुरात गेली नाहीत. यादी करणाऱ्याने भीतीपोटी सवच्या कुंडात बुडवली. खाली सही केली.

“आजोबा, हात धुऊन जेवायला या,” नातीने हाक मारली. मी मोरीपर्यंत गेलो, नळाला हात लावला, पण तो न सोडता तसाच येऊन जेवायला पानावर बसलो.