रंगाला टेकायला खोबणच नव्हती

माझी आत्या प्रयोगशाळेत रंग घालायची. ती एवढंच सांगायची, त्यामुळे लोकांना वाटायचं, ही भिंती रंगवते. तिचा रंग मात्र थेंबभर. डीएनएच्या पिळाला दोन खोबणी असतात, एक रुंद, एक अरुंद. या रंगाचा चंद्रकोरीसारखा वाकलेला रेणू त्या अरुंद खोबणीत अंग चोरून बसतो आणि बसला की निळा उजळतो. नुसत्या पाण्यात तो विझल्यासारखाच असतो. नळी उजळली की समजायचं, डीएनए आहे, पुढे माणसाची ओळख पटवता येईल.

बाबांचा कारखाना जळाला. बाकी सगळ्यांची ओळख पटली, बाबांचा पत्ता नव्हता. त्यांच्या यंत्राशेजारी सापडलेलं हाड आत्याच्याच प्रयोगशाळेत आलं.

"तू यात हात घालू नकोस," साहेब म्हणाले.

ती बाजूला झाली, पण खोलीतून हलली नाही. तिच्या मैत्रिणीने हाडाची पूड केली, अर्क काढला, रंग घातला. नळी काळीच राहिली. पुन्हा करून पाहिलं, तरी तेच. आगीने पीळच खाऊन टाकला होता. रंगाला टेकायला खोबणच नव्हती.

संध्याकाळी आई दारातच उभी होती.

"वन्सं, काय निघालं?"

"काहीच नाही, वहिनी."

"म्हणजे ते नव्हेत?"

"तसं नाही. हाडात सांगण्याजोगं काही उरलेलंच नाही. पण दादाच असणार."

"असणार म्हणजे? आहेत की नाहीत?"

'आहेत' हा शब्द अगदी ओठांवर आला होता, हे आत्याने मला फार पुढे सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "नाही सांगता येत."

आईने तेवढाच धागा पकडला. तिने दवाखाने पालथे घातले. बेवारस रुग्णांच्या खाटांशी उभं राहून भाजलेले चेहरे न्याहाळायची आणि परतायची. एकटीला कसं सोडायचं, म्हणून आत्याही बरोबर जायची. असं कित्येक वर्षं चाललं.

एकदा परत येताना आई जिन्यातच बसली. "तुम्ही तेव्हा खोटं बोलला असतात ना वन्सं, तर मी केव्हाच रडून मोकळी झाले असते."

आत्याने आईची पिशवी घेतली, दंडाला धरून उठवलं आणि दोघी वर आल्या.

त्या हिवाळ्यात आई गेली, न रडताच. आत्याने महिन्याभरात नोकरी सोडली. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "आता नळ्यांकडे बघवत नाही गं."