आमगावच्या चिखलातला डावा बूट

गोंदियाच्या गाडीत मी अंग चोरून बसलो होतो आणि खिडकीजवळची जागा माझ्या लाल बुटांनी अडवली होती. माझे म्हणजे माझ्या चित्रकादंबरीतल्या महानायकाचे. कादंबरीवर सिनेमा निघत होता. या महानायकाची सारी शक्ती बुटांत. बुटांशिवाय तो माझ्याइतकाच निरुपयोगी. त्यामुळे दिग्दर्शकाला मी एकच अट घातली होती : काहीही बदला, पण शेवटी, माझ्या शेवटच्या पानावरच्यासारखाच, तो भाताच्या शेताच्या मधोमध, हात पसरून, एकटा, बूट घालूनच उभा राहील.

गोंदिया स्टेशनवर चहावाल्याने बूट न्याहाळले. "किसके हैं?"

"उड़ने वाले हीरो के," मी ऐटीत म्हणालो.

"तो ट्रेन से काहे आए?"

मी चहाचे पैसे दिले आणि बूट काखेत मारले.

आमगावला तर्रीपोहे खाल्ले. तर्री इतकी जहाल की पहिल्या घासालाच उचकी लागली, ती चित्रीकरणाच्या शेतापर्यंत थांबली नाही.

शेतात रोवणा (भातलावणी) चालू होता. धुऱ्यावर (बांधावर) बायकांच्या चपला ओळीने काढून ठेवलेल्या. नायकाचे काम करणारा नट बूट घालून बांधीत (भातखाचरात) उतरणार, एवढ्यात शेताच्या मालकीण यमुनाबाई आडव्या आल्या.

"काऊन जी, अन्नात बूट घालून जाऊन राहिले? वाहना काढा पयले."

"बाई, त्याची शक्तीच बुटांत आहे! तो बुटांमुळे उडतो!" मी कळवळून म्हणालो.

"मंग बुटालेच उडू द्या नं. मानसाले कायले तरास?"

बायका खो खो हसल्या. मला त्यांचा भयंकर राग आला.

मग आम्ही लबाडी केली. बायका धुऱ्यापलीकडे जेवायला बसल्यावर नायकाला गुपचूप बुटांसकट बांधीत सोडले. त्याने हात पसरले आणि तो खाली जायला लागला. गुडघ्यापर्यंत रुतल्यावर त्याने आईला हाक मारली.

यमुनाबाई घास टाकून आल्या. पऱ्हे (भाताची रोपे) उपटतात तसे त्यांनी त्याला आधी डावीकडे हलवले, मग उजवीकडे, आणि सहा जणींनी मिळून उपटले. नायक आला, बूट आत राहिले. उजवा कोपरभर हात घालून सापडला. डाव्याला चिखलाने गिळले होते.

"म्हनलं होतं नं मी!" त्या म्हणाल्या आणि आम्हा सगळ्यांना भात आणि लाखोरीची डाळ वाढली. मी रडकुंडीला येऊन जेवलो, पण दोनदा डाळ मागून घेतली.

शेवटचा प्रसंग अनवाणीच चित्रित झाला. परतताना खिडकीजवळ एकटा उजवा बूट होता. माझी चार वर्षांची मेहनत पाण्यात, म्हणजे चिखलात गेली होती.

पुढे सिनेमाची झलक आली. महानायक अनवाणी का, यावर जाणकारांनी पानेच्या पाने लिहिली : मातीशी नाते, अहंकाराचा त्याग. मी कोणालाच खरे सांगितले नाही.

दिवाळीच्या सुमारास यमुनाबाईंनी फोनवर एक फोटो पाठवला. पिवळ्या भाताच्या मधोमध, हात पसरून, एकटे, एक बुजगावणे उभे होते. त्याच्या बांबूला खाली डावा लाल बूट. माझे शेवटचे पान, जसेच्या तसे.

खाली त्यांचा निरोप होता : "बूट सापडला जी. घातला याले. पाखरं काई भेत नाईत, पन मस्त दिसून राहिला."

मी उजवा बूट त्याच दिवशी पार्सलने आमगावला पाठवला.