तांदळाची पिशवी

त्या मंगळवारी कुडाळच्या सोनोग्राफीत माझ्या पत्नीच्या यकृतात गाठी दिसल्या. श्रावणात ती गेली. मला मात्र त्या दिवशी बाकावर शेजारी बसलेली बाई आठवते. तिचं नाव मी विचारलं नाही.

ती मालवणकडची ख्रिस्ती बाई होती. पोटाच्या तपासणीसाठी सगळे पाणी पीत होते, म्हणून तीही तांब्याभर प्याली.

"अगो बाय, तुजी छाती बघूची आसा, पाणी कित्याक?" नर्स म्हणाली.

ती इतकी हसली की माझी पत्नीही हसली. मग तिनं पत्नीला सांगितलं, की कॅन्सरनंतर मुंबईत आपल्या छातीत सिलिकॉनची पिशवी बसवली होती आणि आता तिथं हाताला गाठ लागत होती. पिशवी फुटली आहे की दुखणं परतलं आहे, ते आज कळणार होतं. बोलताना ती रुमालाची घडी घालत होती आणि उलगडत होती.

तपासणी आटपून ती बाहेर आली. "पडद्यार शिडयेसारख्यो रेघो दिसल्यो. पिशवी फुटली गो, काढूक व्हयी. पण दुखणां परत येवक नाय."

त्याच दुखण्यात माझ्या पत्नीचाही एक स्तन काढलेला होता. पोलक्यात भरलेला कापूस आम्ही दोघं वर्षभर लपवत आलो होतो. त्या बाईनं तो एका नजरेत ओळखला.

"कापूस हलको, वर सरकता. तांदूळ भरून शीव," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात पत्नीला आत बोलावलं.

घरी येऊन पत्नीनं पिशवी शिवली, तीत उकडे तांदूळ भरले आणि शेवटपर्यंत वापरली. ती माझ्या कपाटात आहे. तांदळाला कीड लागली आहे.