कॅमेऱ्यावरचं फडकं

लहानपणी माझ्या दादाला गुप्तहेर व्हायचं होतं. बावन्नाव्या वर्षी तो झाला. मधली वर्षं त्याने पुण्यात एका कंपनीत काढली, ती केवळ वेशांतर म्हणून, असं माझं मत आहे.

आमचं गाव सुप्यापासून जवळ. तेव्हा गावात करमणुकीची साधनं दोनच होती, शाळेमागचं मैदान आणि दुसऱ्यांवर घेतलेला संशय. मैदानावर मुलगे क्रिकेट खेळायचे आणि बाभळीत गेलेला चेंडू काढायला तेवढं मला बोलवायचे. म्हणून मी दुसरा खेळ धरला. त्यात दादा इन्स्पेक्टर आणि मी हवालदार. शिवणयंत्रं दुरुस्त करणारा एक माणूस महिन्यातून एकदा सायकलवर गावात यायचा. त्याच्या पत्र्याच्या पेटीत वायरलेस आहे आणि आपल्या गावात विहिरी किती, हे तो शत्रूला कळवतो, हे आम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं. एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी आम्ही त्याच्या मागावर घालवली. शेवटी त्यानेच मला हाक मारून विचारलं, "पोरी, तुमचं मशीन बिघडलंय का?"

मी म्हणाले, "आमच्याकडं मशीनच न्हाई."

शत्रूला घरची माहिती पुरवल्याबद्दल दादाने मला त्याच दुपारी कामावरून काढून टाकलं.

हल्लीच्या मुलांची कल्पनाशक्ती मोबाईलने खाल्ली, असं म्हणणाऱ्यांवर माझा बिलकूल विश्वास नाही. मी राहात्याला असते. आमच्या शेजारची दोन पोरं मोबाईलवर बंदुकीचा खेळ खेळतात आणि आईने मोबाईल काढून घेतला की तोच खेळ पेरूच्या क्रेटांआड लपून खेळतात. मेलेला गडी हापशाला हात लावून आला की जिवंत. कल्पनाशक्ती गेली ती मोठ्यांची. गेली तरी कसली, सगळी एकाच कामाला लागली. मुलीचा फोन दहा मिनिटं बिझी लागला की आपण तिचं लग्न मनातल्या मनात मोडून मोकळे होतो. गल्लीत अनोळखी फेरीवाला दिसला की त्याचा फोटो ग्रुपवर जातो आणि संध्याकाळपर्यंत तो मुलं पळवणारा ठरतो. संध्याकाळी टीव्ही लावला तर तिथेही प्रत्येक जण पडद्यामागे उभा राहून दुसऱ्याचं ऐकत असतो. मी स्वतः या सगळ्यात मनापासून भाग घेते, म्हणून तर मला इतकं नक्की माहीत आहे.

तर गेल्या श्रावणात दादाचा फोन आला. वडील गेल्यापासून आई गावी एकटी राहते. तिच्या काळजीने दादाने सव्वा वर्षापूर्वी फ्रिजवर एक पांढरा गोल कॅमेरा बसवला होता. स्वस्तातला होता, त्याला ऐकू येत नसे, पण मान वळवता यायची. दादा पुण्यात मोबाईलवर बोट फिरवायचा आणि इकडे फ्रिजवर ते मुंडकं डावीकडून उजवीकडे फिरायचं.

"आईचं काहीतरी बिनसलंय, कधीपासून बघतोय मी," दादा म्हणाला. "गुडघ्यांसाठी खुर्ची आणून दिली, तर तिच्यावर बसत नाही. भिंतीला टेकून फरशीवर बसते. घरातल्या घरात डोक्यावर पदर. जेवायला बसली की इकडे पाठ."

"आणि?"

दादाने आवाज खाली आणला. "मधूनच उठून उभी राहते. खोलीत कुणी नसतं. पदर सारखा करते, मान खाली घालते आणि उभीच राहते. मग थोड्या वेळाने बसते."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या काट्यात थोडी मजाही होती, ते लपवत नाही.

"आणि रोज दुपारी दोनला कॅमेऱ्यावर फडकं पडतं. चारला निघतं. त्या भाडेकरणीचं काम असणार. तिने आईला कुठल्या तरी बाबाच्या नादी लावलंय."

भाडेकरीण म्हणजे पुढच्या खोलीत राहणारी बाई. नवरा सुप्याच्या एमआयडीसीत कामाला. माणसं खर्ड्याकडची, आधी दरवर्षी ऊसतोडीला जायची. एवढी माहिती आम्हा दोघा भावंडांना पुरेशी वाटली, हे लिहिताना आता लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

"रविवारी गाडी घेऊन येतो," दादा म्हणाला. "आता कायमची इकडेच. अकराव्या मजल्यावर हवा चांगली आहे."

त्या अकराव्या मजल्यावर आई एकदाच आठ दिवस राहून आली होती. "खिडकीतनं खाली माणसं दिसत्यात, पन एक वळखू येत न्हाई," म्हणाली आणि नवव्या दिवशी एसटीत बसली. तेव्हाच तिने दादाकडून शब्द घेतला होता, की माझे हातपाय आणि डोकं चालतंय तोवर मला या घरातून हलवायचं नाही. दादा शब्दाचा पक्का. हातपाय चालत होते. प्रश्न डोक्याचा होता, आणि त्याचा निकाल आणायला मला गुरुवारी पाठवण्यात आलं. इतक्या वर्षांनी मला परत कामावर घेतल्यामुळे मी जरा हवेतच होते.

पिशवीभर पेरू घेऊन मी घरात शिरले. आई फरशीवर, डोक्यावर पदर. खुर्चीवर वाळत टाकलेला टॉवेल. सगळं फोनवर ऐकल्याबरहुकूम! आईने माझ्याशी बोलणंही हळू आवाजात केलं, तेही फ्रिजकडे पाठ करून. भाडेकरीण दळण घेऊन आली, मला पाहून दचकली आणि डबा ठेवून लगेच गेली. मी मनात नोंद केली, दचकली.

जेवणं झाली. आई म्हणाली, "दमली असशील. आत जाऊन पड जरा."

"मला झोप नाही."

"पड म्हनते ना."

मी आतल्या खोलीत जाऊन घोरायला लागले. माझं खोटं घोरणं जिल्हा पातळीचं आहे, त्यावर कुणी संशय घेत नाही. दोन वाजता दाराची कडी वाजली. फडकं झटकल्याचा आवाज आला. मग खुर्ची ओढल्याचा. आणि मग माझ्या गरीब, हळू बोलणाऱ्या आईचा आवाज आला, तो असा:

"ह्या घरात माझ्या शब्दाबिगर पान हालत न्हाई! ऊठ! बॅग भर तुझी!"

"अत्याबाई, मी कुटं जाऊ वो?" भाडेकरीण हुंदके देत होती.

मी गादीवरून उडालेच. दाराच्या फटीला डोळा लावला. आई खुर्चीवर बसली होती, पाय पाटावर, पदर कमरेला खोचलेला, मान अशी ताठ की मी तिला तसं कधी पाहिलंच नव्हतं. भाडेकरीण समोर खाली बसून रडत होती.

"आगं, नुसती रडू नगं!" आई एकदम आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. "दोन वरीस झालं ती टीव्हीतली सून रडतीया. रडलीस की मी उद्याबी हाकलनार तुला. उभी ऱ्हा आन् मला उत्तर दे."

"काय उत्तर देऊ, मावशी?"

"मला काय इचारती? मी सासू हाय!"

मला हसू आवरेना. दाराला धडकून मी बाहेरच आले. भाडेकरीण किंचाळली, आईने पाटावरचे पाय खाली घेतले. मग सगळं बाहेर पडलं. दोघींना संध्याकाळची एक मालिका आवडत नव्हती, पण सोडवतही नव्हती. म्हणून रोज दुपारी त्या पुढचा भाग स्वतःच करून बघायच्या आणि संध्याकाळी टीव्हीवाले कुठे चुकले ते ठरवायच्या. टीव्हीवाले रोज चुकायचे. मालिकांनी बायका बिघडतात, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे. या दोघी रोज दोन तास ती मालिकाच सुधारत होत्या, यावर काय मत बनवावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"ताई, दादास्नी सांगू नगा," भाडेकरीण हात जोडून म्हणाली. "येड लागलं म्हनतेल आन् न्हेतेल मावशीला."

"आणि हे फडकं कशाला?" मी विचारलं.

"आता काय भावजींम्होरं नाचू व्हय?" आई म्हणाली.

भावजी म्हणजे आमचे थोरले चुलते, आबा. चार घरं सोडून राहतात. ते इथे कुठून आले? आईने फ्रिजकडे हात केला. कॅमेरा बसवला त्या दिवशी दादाने तिला सांगितलं होतं, की आबांच्या मोबाईलवरही हे घर दिसेल, काही झालं तर तेच आधी धावून येतील. सांगून दादा विसरला. आई कशी विसरेल? थोरल्या दिरापुढे ती जन्मात कधी खुर्चीवर बसली नव्हती, डोक्यावरचा पदर पडू दिला नव्हता, समोर बसून घास खाल्ला नव्हता. आणि आता थोरले दीर अष्टौप्रहर फ्रिजवर बसलेले!

"आणि मधेच उठून उभी राहतेस ती?"

"मुंडकं फिरलं की वळखायचं, भावजी आलं," आई म्हणाली. "मग उठाया नगं?"

मी तिथल्या तिथे दादाला फोन लावला. सगळं सांगितलं, मालिकेसकट. त्याने ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुलाही त्यांनी फिरवलेलं दिसतंय. रविवारी येतोच."

माझ्या साक्षीला किंमत नव्हती. म्हणून मी आबांकडे गेले. आबा ऐंशीच्या पुढचे, ओट्यावर बसून मोबाईलवर कुस्त्या बघत होते.

"आबा, आईचं घर दिसतं म्हणे तुमच्या मोबाईलमध्ये?"

त्यांनी चष्मा काढला. "त्याच दिशी नातीला सांगून काढाया लावलं मी त्ये."

"का?"

"का म्हंजी? भावजय हाय ती माझी. तिच्या दारात मी खाकरल्याबिगर पाय टाकत न्हाई. आन् ह्याच्यातनं वाकून बघू? तुज्या भावाला कायतरी रीत हाय का न्हाई?"

घरी येऊन मी आईला हे सांगितलं. ती आधी हसली. हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली. "सव्वा वरीस! सव्वा वरीस मी फ्रिजम्होरं उठून उभी ऱ्हायले!" भाडेकरीण जमिनीवर लोळायची बाकी होती. मग आई एकाएकी थांबली.

"मंग त्ये मुंडकं कोन फिरवत हुतं?"

"दादा."

"आन् तुला ठावं हुतं?"

मी पेरूंकडे बघत राहिले. आई उठली, फडकं घेतलं आणि कॅमेऱ्यावर पुन्हा टाकलं. चार वाजून गेले, सहा वाजले, तिने ते काढलं नाही. दादाचे सात फोन आले. तिने मलाही उचलू दिले नाहीत.

रविवारी सकाळी दादा दोन मोठ्या रिकाम्या बॅगा घेऊन दारात उभा राहिला. आई खुर्चीवर बसली होती, पदर खांद्यावर. दादाने मला बाजूला ओढलं आणि कानात विचारलं, "ही खुर्चीवर का बसलीय?"

"खाली बस," आई त्याला म्हणाली.

तो फरशीवर बसला.

"मी खुर्चीवर बसत न्हाई हे तुला पुन्यात दिसलं. दिसलं ना? मंग 'आई, का गं बसत न्हाईस' एवढं इचाराया काय झालं हुतं?"

"मला वाटलं तुझं डोकं..."

"माझं डोकं चालतंय. चालतंय म्हनूनच उठून उभी ऱ्हात हुते. आबांनी पहिल्याच दिशी त्ये बघनं बंद केलं. तू पोटचा, तुला सव्वा वरीस कायबी वाटलं न्हाई."

"काळजी वाटत होती, आई."

"काळजी हाय तर फोन कर. बोल. मी सांगीन काय झालंय त्ये. न्हाई सांगितलं तर समज, तुला सांगायचं न्हाई."

दादाने मान खाली घातली. मला त्याची दया आली, कारण त्याच्या अपराधात निम्मी भागीदार मीही होते आणि रागावणं सगळं त्याच्या वाट्याला आलं होतं. थोड्या वेळाने तो उठला, फ्रिजवरचा कॅमेरा काढला आणि वायर गुंडाळून एका बॅगेत टाकला. आईने त्याच बॅगेत पेरू, शेंगदाण्याची चटणी आणि दोन किलो बाजरी भरली. दुसरी बॅग तिने ठेवून घेतली. भाडेकरणीला सासूने घराबाहेर काढताना हातात द्यायला काहीतरी हवंच होतं. हे दादाला सांगितलं नाही.

तेव्हापासून दादा रोज आईला फोन करतो. सुरुवातीला दोघांना बोलायला काही सुचायचं नाही, आता भांडतात, म्हणजे सुधारणा आहे. मागच्या मंगळवारी मात्र त्याचा मला घाबराघुबरा फोन आला. आई फोन उचलत नाही, पाच वेळा लावला, भाडेकरीणही उचलत नाही, गाडी काढू का?

मी घड्याळ पाहिलं. पावणेतीन झाले होते. "थोडा वेळ थांब," एवढंच म्हणाले.

चार वाजता आईने फोन उचलला आणि झोप लागली होती म्हणून सांगितलं. माझी आई उभ्या जन्मात दुपारी झोपलेली नाही. दादाला ते माहीत आहे. पण त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने पुढे काही विचारलं नाही. "बरं झालं, आराम मिळाला," म्हणाला आणि फोन ठेवला.